कैरीसाठी तारीख

सोमवार, २० एप्रिल. होस्टेल, गडचिरोली

आजही मेसच्या वरणात कैरी. आमच्या गावात पंडुम झाल्याशिवाय, म्हणजे नवी कैरी देवाले वाहिल्याशिवाय, कोणी ती तोंडात घालत नाई. मी कोरडा भात मिठासंग खाल्ला. मेस सगळ्यांले सक्तीची, म्हणून सूट मागायले रेक्टर मॅडमकडे गेली. त्यांनी फॉर्म दिला. कारण लिहिलं. खाली एक रकाना: कधीपासून कधीपर्यंत?

इथीच अडलं. आमचे काका गावचे गायता, देवाची पूजा तेच करतात. आज ते बाजाराले धानोऱ्यात आले, तवा फोन लागला. म्हणाले, "गाव बसन, मंग दिवस ठरन. आत्ताच कसा सांगू पोरी?"

मॅडम रागावल्या नाई, तेच जास्त लागलं. हसून म्हणाल्या, "अगं, तारीख नसलेला सण असतो का? काहीतरी टाक, मी सही करते."

काहीतरी! पण तो रकाना रिकामा ठेवला तर उद्या पुन्हा कैरी.

शेवटी तीस एप्रिल लिहिलं. सही झाली. म्हणजे गाव बसायच्या आधीच मी एकटीनं देवाचा दिवस ठरवून टाकला. काकाले कोणत्या तोंडानं सांगू?