काकांच्या नावावरची भाकरी

७ जानेवारी, सातारा

कंदी पेढे! मेकअपच्या खोलीत पाऊल टाकलं आणि आयोजकांकडच्या बाईंनी पेढा तोंडातच कोंबला. "नाही कसं म्हणता ताई, साताऱ्यात आलाय!" हसून गिळला. मग आरशासमोर बसून स्वतःवरच चिडले.

तीन आठवडे झाले डॉक्टरांनी सांगून. शुगर आहे, गोळी चालू, भाकरी-डाळ-पालेभाजी, आणि सगळं वेळेवर. वेळेवर! त्यांनी नाटकाची बस पाहिलेली नाही. सकाळी वडापाव, दुपारी मिळेल ते, आणि जेवण प्रयोग संपल्यावर. तेही गार पुरीभाजी.

कुणाला सांगितलेलं नाही. गेल्या वर्षी संयोगिताला विंगेत चक्कर आली आणि पुढच्या दौऱ्यात तिच्या जागी मी! आमचा मॅनेजर विश्वजीत तेव्हा म्हणाला होता, "आजारी माणसं घेऊन दौरे होत नाहीत." मी त्या वेळी मान डोलावली होती. आता तेच वाक्य झोपू देत नाही.

चिंतामणकाका — नाटकातले माझे सासरे, वय एकाहत्तर — आज विश्वजीतवर ओरडले. "मला सात वाजता भाकरी हवी. ज्वारीची. आणि एकट्यानं जेवायची मला सवय नाही, चारूनं सोबत बसायचं." आणि बोट माझ्याकडे! म्हाताऱ्याचे नखरे! पण भाकरी मलाही मिळाली.

९ जानेवारी, कराड

आज वाईट झालं.

दुपारी चारचा प्रयोग. उसाच्या ट्रॉल्यांमागे बस अडकली ती अडकलीच. दुपारची गोळी घेतली होती, जेवण राहिलं. उतरलो ते थेट मेकअपला. दुसऱ्या अंकात मी चहाचा ट्रे घेऊन येते. ट्रे वाजायला लागला. दरदरून घाम — उपाशीपोटी गोळीनं शुगर उतरली होती. पुढचं वाक्य गेलं — अख्खं! समोर काळोख, आणि त्या काळोखात माणसं वाट बघतायत.

काका सोफ्यावरून उठले. नाटकात ते तिथे उठत नाहीत. "सूनबाई, चहा राहू दे. सकाळपासून उपाशी राबतेयस. आधी हा लाडू खा. मी बघतोय, खा." ताटलीतला लाडू माझ्या हातात! लोक हसले, टाळ्या. मी खरंच खाल्ला, सगळ्यांदेखत. तोवर ते बोलत राहिले — मनाचंच, त्यांच्या लग्नातले लाडू किती टणक होते वगैरे. थोड्या वेळानं वाक्य परत आलं.

विंगेत नेपथ्य लावणाऱ्या धुळानं पाणी दिलं. विश्वजीत म्हणाला, "ती लाडवाची जागा ठेवा, मस्त पडली." त्याला काही कळलं नाही.

काकांना कळलं?

१० जानेवारी, कोयनानगर

बशीत कप थरथरला. भूकंप? — नाही, मीच. लगेच केळं खाल्लं.

१२ जानेवारी, आष्टा

दुपारचं जेवण आयोजकांच्या घरी. त्यांच्या आई, बनुबाई, स्वतः वाढत होत्या. तव्यावरची भाकरी, मेथी, खर्डा, दह्यातली काकडी. किती दिवसांनी ताटातून वाफ आली! पहिल्या घासाला रडूच येतंय असं वाटलं. दमलेय मी फार.

मग गुलाबजाम आले. "आवं ताई, दोनच घ्या की! लय दिसांनी घरात नाटकातली मानसं आल्याती." त्यांच्या तोंडाकडे बघून मला नाही म्हणवेना. काकांनी माझी वाटी ओढली. "हिचे मला द्या. सून माझी आहे, हक्क आहे माझा." बनुबाई हसल्या.

अंगणात हात धुताना विचारलं, "काका, तुम्हाला माहितीय?"

"साताऱ्यापासून. तुझे हात बघून. बायकोचे असेच व्हायचे." मग चूळ भरून — "तिनंही लपवलं होतं. शिक्षिका होती, शाळेत सांगितलं तर वर्ग काढून घेतील म्हणून. मी दौऱ्यावर. घरी पोचलो तेव्हा उशीर झाला होता."

म्हणजे ती सातची भाकरी...

"मला संध्याकाळी कपभर दूध पुरतं गं," म्हणाले. "पण सांगलीनंतर मी नाही. गुडघ्याचं ऑपरेशन आहे. पुढे तुझी भाकरी तुलाच मागावी लागेल."

मी तांब्यातलं पाणी त्यांच्या हातांवर ओतत राहिले.

१३ जानेवारी

अंगात काही नाही. बसमध्ये झोपले. उठले, परत झोपले.

१४ जानेवारी, सांगली

संक्रांत! जो तो तिळगूळ हातावर ठेवतोय. पर्स भरली.

काकांचा शेवटचा प्रयोग. सांगलीचं थिएटर, एकही खुर्ची रिकामी नाही. त्यांच्या एंट्रीलाच टाळ्या, आणि तिसऱ्या अंकात असे थांबले की कुणी खोकलंसुद्धा नाही. त्यांचा मुलगा वाईहून गाडी घेऊन आला होता. मी वाकून नमस्कार केला. "सून म्हणून बरी होतीस," एवढंच म्हणाले. गाडी गेली तरी मी तिथेच.

विश्वजीतला सांगायचं ठरवते आणि परत पर्स आवरत बसते. सांगितलं आणि दुसरी कोणी घेतली तर? एवढं एकच काम येतं मला.

१६ जानेवारी, विट्याच्या वाटेवर

बसमध्ये विश्वजीत म्हणाला, "आता काका नाहीत. सगळ्यांचं जेवण प्रयोगानंतर." मी उभी राहिले. "मला शुगर आहे. मला सातला जेवण लागेल." मोठ्यांदा बोलले — सगळ्यांनी ऐकलं.

आणि मागच्या सीटवरून धुळा, "सायेब, मला बी हाय. चार वर्सं झाली. मला बी सातलाच द्या."