दिग्दर्शकाला बोलवा

ता. ९, बुधवार

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. वहिनी मजेत असेल, दुकान जोरात असेल आणि रंगाच्या वासाने तुझं डोकं नेहमीसारखं दुखत असेल, असं धरून चालते. इकडे सगळं ठीक. आता नीट बस, कारण मला धीर नाही. तुझा सिनेमा लोक बघताहेत. बघताहेत कसले, त्यावरून भांडताहेत!

हो, तोच. थिएटरचं तोंड न बघता थेट कॅसेटवर आलेला, ज्याचं नाव काढलं की तू जेवणावरून उठतोस.

हल्ली मी एका दवाखान्यात जाते. तिथे एका मोठ्या खोलीत लोकांना तासन् तास खुर्चीत पडून राहावं लागतं, म्हणून भिंतीवर टीव्ही आहे. तिथल्या टेक्निशियनला कुणी न पाहिलेले जुने सिनेमे जमवायचा नाद. परवा त्याने एक लावला. तीन चोर सोनाराची म्हणून भिंत फोडतात आणि शेजारच्या दाताच्या दवाखान्यात निघतात. म्होरक्याची दाढ ठणकत असते, आणि डॉक्टरीणबाई मान वर न करता विचारतात, 'नंबर लावलाय का?' मी तिथेच ओळखलं.

तिथे एक निवृत्त इन्स्पेक्टर येतात. त्यांच्या मते असला भिकार सिनेमा त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नाही. कुठलाच चोर भरदिवसा भिंत फोडत नाही. पण नर्स रक्तदाब मोजायला मध्ये उभी राहिली की तेच मान वाकडी करून 'जरा सरका' म्हणतात. शेजारच्या खुर्चीत एक शिंपीकाका असतात, ते तर इतके हसले की त्यांना लावलेलं मशीन ओरडायला लागलं आणि सिनेमा थांबवावा लागला. गाणं शिकवणाऱ्या एक बाई येतात, त्यांना पहिला अर्धा भाग पाणचट वाटला, शेवट मात्र फार आवडला.

शेवटावरूनच तर खरी जुंपली आहे. पळून जायची संधी असताना म्होरक्या दुसऱ्या दिवशी त्याच दवाखान्यात परत का येतो? बाई म्हणतात, डॉक्टरणीवर जीव जडला म्हणून. शिंपीकाका म्हणतात, दिलेली वेळ पाळणारा माणूस आहे तो. इन्स्पेक्टर म्हणतात, गाढव आहे म्हणून.

मग नावं आली. तुझं नाव वर सरकलं आणि मी बोलून गेले, "हा माझा दादा आहे."

इन्स्पेक्टर म्हणाले, "बोलवा त्याला. सिनेमा किती वाईट आहे ते तोंडावर सांगायचंय मला. आणि शेवट विचारायचाय."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हणजे मांडीवर थापा मारल्या, कारण आमचा एक हात सुयांमुळे हलवायचा नसतो.

'आमचा' लिहून गेले. आता खोडत नाही.

दादा, माझी मूत्रपिंडं कामातून गेली आहेत. रक्त मशीनमधून गाळून घ्यायला जाते मी तिथे. वर्ष होत आलं. तुला सांगितलं असतं तर दुकानाला कुलूप लावून आला असतास आणि समोर सुतकी चेहरा करून बसला असतास. तो मला झेपला नसता. घाबरू नकोस, काही मागायला लिहीत नाही. यांचं मूत्रपिंड मला जुळतंय. संसारात कशावर म्हणून आमचं एकमत नाही, आणि इथे नेमकं जुळलं! पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे.

त्याआधी एकदा ये. तो सिनेमा कुणालाच नको होता, असं तू इतकी वर्षं धरून बसला आहेस. ते लोक कसे हसतात ते मला तुला ऐकवायचंय. शिव्याही मिळतील. पुढच्या शुक्रवारी पुन्हा लावणार आहेत.

तुझी,
धाकटी


ता. १३, रविवार

छोटे,

पत्र दुकानात आलं. भांडणाचा भाग मी गिऱ्हाइकाला मोठ्याने वाचून दाखवत होतो. पुढचं वाचता आलं नाही. बिचारा रंग न घेताच हळूच निघून गेला.

मी फार रागावलोय. फोन उचलला होता, पण नुसता ओरडलो असतो, म्हणून ठेवला आणि लिहितोय.

शेवटाचं खरं तुला एकटीला सांगतो. म्होरक्या बसने पळून जातो, असंच मी लिहिलं होतं. शूटिंगच्या दिवशी बसवाला आलाच नाही. सगळे रस्त्यावर खोळंबलेले, आणि दाताचा दवाखाना तेवढा संध्याकाळपर्यंत भाड्याने आपल्याकडे. म्हणून त्याला परत आत पाठवला. इतकी वर्षं त्याचीच लाज वाटत होती. शिंपीकाकांनी काढलेला अर्थ मला तेव्हा सुचला असता तर मी रंग विकत बसलो नसतो.

गुरुवारी रात्रीच पोचतो. वहिनीही येतेय, तिला तो सिनेमा मी कधी पाहूच दिला नव्हता. ऑपरेशन होऊन तू आपल्या पायांनी घरी चालत येईपर्यंत दुकान बंद राहील. तुझ्या खुर्चीला लागून एक स्टूल टाकायला सांग. मी तिथून हलणार नाही.

तुला काहीही मागता येईल असा,
तुझा दादा