पाव फेरा

रविवार, ८ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. साष्टांग घालायचा तर गुडघे ऐकत नाहीत, तेव्हा उभ्यानेच घे. आम्ही सगळे मजेत. वहिनीची पाठ आणि तुझी रोपं कशी आहेत? फोनवर विचारलं की तू "बरं आहे, बरं आहे" म्हणून ठेवून देतोस. पत्र असं मध्येच ठेवून देता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

लॅबमध्ये काम भरपूर आहे. लोकांचे दात पडतायत आणि आमचं पोट भरतंय. गेल्या आठवड्यात एका आजोबांची कवळी तिसऱ्यांदा घासून दिली. म्हणाले, "आता झकास बसली. पण बायको म्हणते, पहिलीच बरी होती, तेव्हा बोलता येत नव्हतं."

आता मुद्द्याचं. तुझं जुनं एअर पिस्तूल मी माळ्यावरून काढलंय. सहा महिने झाले, दर रविवारी सकाळी क्लबात जाते. रागावू नकोस. सुरुवातीला माझे छर्रे कागद सोडून सगळीकडे लागत. वजनकाका म्हणाले, "भिंतीला लागलं हेही काही कमी नाही." हो, तेच वजनकाका, सामन्यात चापाचं वजन तपासायचे ते. आता ऐंशीचे झालेत, दारापाशी बसून नोंदवही सांभाळतात.

मग एकेक भाग बदलत गेले. आधी आतलं रबरी सील. ते वाळून तडकलं होतं, हवा निसटायची आणि छर्रा खाली लागायचा. मग नेम धरायची मागची खाच. नवी खाच स्क्रूने रुंद-अरुंद करता येते. नवरा म्हणाला, "नाकापेक्षा मोती जड व्हायला लागला." मी लक्ष दिलं नाही.

मूठ मात्र घरीच केली. तुझ्या हाताची लाकडी मूठ माझ्या हातात सैल पडायची. मी लॅबमधलं मेण आणलं, मुठीच्या जागी थापलं आणि घट्ट धरून बसले, जबड्याचं माप घेतो तसं. त्यावरून कवळीच्याच मसाल्यात नवी मूठ ओतली. बोटं अशी चपखल बसतात की पिस्तूल आपणहून समोर बघतं. फक्त रंग हिरडीचा आलाय. क्लबात सगळे त्याला "कवळी" म्हणतात. तुझी लाकडी मूठ फडक्यात गुंडाळून ठेवलीय.

शंभरात एकसष्ट पडायचे, ते आता अठ्ठ्याऐंशी पडतात. एक मार्चला क्लबाचा सामना आहे, नाव दे म्हणून वजनकाका मागे लागलेत. मी खूश आहे दादा. या वयात एखादी नवी गोष्ट जमायला लागली की किती बरं वाटतं.

चाप तेवढा राहिला होता.

क्लबात पिस्तुलं दुरुस्त करणारे मिस्त्री म्हणाले, "ओढताना खरखरतोय, स्प्रिंग बदलू." मी तीन रविवार टाळलं. कधी डोकं दुखलं, कधी पिस्तूलच घरी विसरले. शेवटी त्यांनी माझ्यासमोर चाप खोलला आणि विचारलं, "या स्क्रूवर पांढऱ्या रंगाचे एवढे थर कुणी चढवलेत?" मी म्हणाले, ठाऊक नाही. चोराच्या मनात चांदणं.

दादा, ते मी केलं होतं. निवड-सामन्याच्या आदल्या संध्याकाळी चाप जड लागतो म्हणून तू चिडचिड करत होतास. तू जेवायला बसलास तेव्हा मी बाबांचा घड्याळाचा स्क्रूड्रायव्हर घेतला, तू खुणेसाठी लावलेला पांढरा ठिपका खरवडला आणि स्क्रू पाव फेरा सैल केला. फक्त पाव. वर पुन्हा ठिपका दिला. सोळा वर्षांची होते, चाप हलका झाला की तू जिंकशील एवढंच डोक्यात होतं. नंतर चापाला अर्ध्या किलोचं वजन टांगतात आणि तेवढ्याने तो सुटला तर बाद करतात, हे मला माहीतच नव्हतं.

तू पहिला आलास. वजनकाकांनी वजन टांगलं आणि चाप सुटला. तू सगळ्यांसमोर म्हणालास की काकांचं वजनच खोटं आहे. बाबाही तुझ्या बाजूने भांडले. वजन खरं होतं हे तिथे मला एकटीला ठाऊक होतं, आणि मी तोंडात गुळणी धरून उभी राहिले. तू पिस्तूल माझ्याकडे टाकलंस आणि क्लबाची पायरी पुन्हा चढला नाहीस. तेवीस वर्षं झाली. काका अजून तुझी चौकशी करतात. मी खाली बघून "बरा आहे" म्हणते.

सांगितलं असतं तर तू माझ्याशी बोलणं टाकशील अशी भीती वाटायची. अजूनही वाटते. आता चाप अर्ध्या किलोच्या थोडा वर ठेवलाय, तीनदा तपासलाय. पण पिस्तूल तुझं आहे. तू नको म्हणालास तर नाव देणार नाही, लाकडी मूठ बसवून ते परत पाठवीन. शिव्या द्यायच्या असतील तर दे, पण पत्रातून दे. फोनवर मला ऐकवणार नाहीत.

तुझी
छोटी


सोमवार, १६ फेब्रुवारी

छोटे,

अनेक आशीर्वाद. वहिनीची पाठ ठीक, रोपं जोरात. तुझं पत्र आलं त्याच दिवशी वाचलं. उत्तराला उशीर झाला कारण लाज वाटत होती.

सामन्याच्या सकाळी तू आरशासमोर वेणी घालत होतीस. तेव्हा मी तोच ठिपका खरवडला, स्क्रू पाव फेरा सैल केला आणि वर नवा ठिपका दिला. वजन टांगतात हे मला चांगलं माहीत होतं. पाव फेऱ्याने चाप अर्ध्या किलोच्या खाली जाणार नाही असा माझा अंदाज होता. तो बरोबर होता हे तुझ्या पत्रावरून कळलं. ठिपका नखाला मऊ लागला होता. म्हटलं, हवा दमट असेल.

तेव्हा वजन खरं आहे हे जाणणारी तू एकटी नव्हतीस. मी एका भल्या माणसाला चारचौघांत खोटं पाडलं आणि त्याला तोंड दाखवायला नको म्हणून क्लब सोडला. तू समजत होतीस तसा रुसून नाही.

नाव दे. मी सामन्याच्या आदल्या दिवशी येतो. आधी दोघं काकांकडे जाऊ. बोलेन मी. तू शेजारी गुळणी धरून उभी राहा, सवय आहे तुला.

थोडं मेण शिल्लक ठेव. कुदळ धरून माझी बोटं जाड झालीयेत, लाकडी मुठीत आता मावायची नाहीत. रंग हिरडीचा चालेल.

दुसऱ्या पाव फेऱ्याचा धनी,
दादा