थंडी पडू दे, मग बघतो

३ ऑक्टोबर
पंखा फुल स्पीडवर, तरी घामाच्या धारा. सगळे उकाड्याच्या नावाने बोटं मोडतायत. मी मात्र थंडीकडे डोळे लावून बसलोय. कारण वरच्या मजल्यावर राहणारा माझा साडू.

विसरलेलो नाही. मागच्या जानेवारीत त्याने नवा हीटर आणला आणि कौतुक बघायला आम्हाला वर बोलावलं. सासूबाई त्याच्याकडेच असतात, त्या हीटरसमोर. बाकीचे त्यांच्या आजूबाजूला. मला खुर्ची दाराजवळ. वर आणखी म्हणतो, साडूभाऊ, दार जरा ओढून घ्या, वारा येतो. संध्याकाळभर दार ओढत होतो. शेवटी सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या की ऊब असावी तर थोरल्या जावयाच्या घरासारखी. धाकटा जावई तिथेच बसला होता.

थंडी पडू दे. मग बघतो.

५ ऑक्टोबर
प्लॅन तयार. आमच्या हॉलमध्ये कपाटामागे जुनी फायरप्लेस आहे. सासऱ्यांनी घर घेतलं तेव्हापासून बंद. ती उघडायची. खरी लाकडं, खरा जाळ. मग साडूला बोलवायचं आणि दाराजवळ बसवायचं. खुर्चीही ठरवली. एक पाय आखूड आहे ती.

कपाट आज मी एकटाच सरकवणार.

६ ऑक्टोबर
कपाट सरकलं. कमरही. रजा टाकली.

१३ ऑक्टोबर
फायरप्लेस उघडली. आतून कबुतराचं घरटं आणि काजळी. काजळी सगळी पडद्यांवर. हिने विचारलं, आता हे कोण धुणार. मी म्हटलं, मोठ्या कामात असल्या बारीकसारीक गोष्टी बघायच्या नसतात.

पडदे मी धुतले.

धुराडं कुठून जातं ते बघून आलो. साडूच्या हॉलच्या भिंतीतून थेट गच्चीवर. म्हणजे रोज माझा धूर त्याच्या नाकावर टिच्चून वर जाणार. हे नुसतं लिहितानाही बरं वाटलं.

२ नोव्हेंबर
लाकडं आणली. जिन्यात साडू आडवा आला. एवढं लाकूड कशाला म्हणे. फर्निचर करतोय म्हटलं. ओंडक्यांचं? हो, हल्ली फॅशन आहे. बाजूला होऊन वाट दिली. पहिली चकमक आपण जिंकली.

१६ नोव्हेंबर
थंडीचा पत्ता नाही. हवामान खातं साडूला सामील असावं. स्वेटर घालून, पंखा लावून फायरप्लेससमोर बसायची प्रॅक्टिस केली. चेहऱ्यावर सहजपणा हवा. हिने येऊन कपाळाला हात लावला, ताप आहे का बघायला.

१ डिसेंबर, संध्याकाळ
थंडी पडली एकदाची. जाळ केला. थोडा धूर हॉलमध्ये आला, लाकूड ओलं असणार. गुडघे भाजले, पाठ गारठली. सवयीने जमेल.

पण खरी मजा पुढेच. वरून जमिनीवर काठी आपटल्याचा आवाज. सासूबाईंची काठी. झाला म्हणायचा जळफळाट सुरू. आपटा म्हटलं, आणि आणखी एक ओंडका टाकला.

५ डिसेंबर
रोज संध्याकाळी काठी. ती वाजली की मी जाळ वाढवतो. कळू दे त्यांना.

ही सांगत होती, ताईने हीटर माळ्यावर टाकला. बिघडला असणार. देव आहे.

९ डिसेंबर
साडू जिन्यात भेटला, अंगात नुसता बनियन. बाहेर हाडं गोठवणारी थंडी. घरात कुडकुडत असणार, पण मला दाखवायला बनियन. माणसाने किती दिखाऊ असावं. मी स्वेटर, मफलर, कानटोपीत होतो, त्यामुळे कुत्सित हसलो ते त्याला दिसलं नाही.

१२ डिसेंबर
ही हल्ली रोज विणकाम घेऊन वर जाते. बहिणीला धीर द्यायला जात असावी. येते तेव्हा गाल लाल. बहिणीचे हाल बघून रडत असेल. मी शक्यतो विषय काढत नाही. खिडकी उघडून बसतो, धूर जायला.

१७ डिसेंबर
आमंत्रण दिलं. परवा संध्याकाळी. सासूबाई एकदा आमची ऊब बघू देत, मग त्या थोरल्याचं नावही काढणार नाहीत.

१९ डिसेंबर
साडूला आखूड पायाची खुर्ची. दाराजवळ. इथपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे.

धूर आज जरा जास्त झाला. सगळे डोळे चोळायला लागले. दार सताड उघडावं लागलं. मोकळी हवा काय ती दाराजवळ, म्हणून एकेक जण साडूकडे सरकला. शेवटी तोच म्हणाला, चला, वरच बसू. सासूबाईंना त्याने हात धरून नेलं. हीसुद्धा गेली. मी आणि धूर उरलो. थोड्या वेळाने वरून काठी. तिरीमिरीत मोठ्यातला मोठा ओंडका टाकला आणि जाब विचारायला वर गेलो.

सगळे ओळीने भिंतीला पाठ टेकून बसलेले. धुराड्याची भिंत. हात लावून पाहिला. नुकत्याच इस्त्री केलेल्या शर्टासारखी ऊबदार. मी तोंड उघडणार तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, धाकटा जावई मोठा गुणाचा, मी नुसती काठी आपटायचा अवकाश, लगेच लाकूड टाकतो, कधी कुरकुर म्हणून नाही. ऑक्टोबरपासून हेच ऐकायला जिवाचा आटापिटा केला होता. डोळे पुसले. धुराने असेल.

रिकामी खुर्ची एकच होती. बसलो. साडू म्हणाला, दार जरा ओढून घ्या.

२० डिसेंबर, सकाळ
निर्णय पक्का. आजपासून जाळ बंद. गारठू देत सगळे. ही वर गेली तर तिलाही कळू दे.

२० डिसेंबर, संध्याकाळ
नुसता निखारा ठेवलाय, माझ्यापुरता.

काठी वाजली. हललो नाही.

परत वाजली. या वेळी हळू. म्हातारीचे हात गारठले असतील.

लाकूड टाकलं.