टेस्टोस्टेरॉन कमी निघावं म्हणून

५ जानेवारी, रविवार
काल मित्राच्या, अभिमनच्या शेतात भरीत पार्टी. वांगी मी निवडलेली. दरवर्षी मीच निवडतो, बाकीच्यांना त्यातलं कळत नाही. भाजून सोलली तर सगळ्यांत बियाच बिया. दिपमाला हसली. बायको असून, सगळ्यांसमोर. मी तिला दोन शब्द सुनावले. अभिमन म्हणतो, ते दोन शब्द पाटचारीपलीकडच्या लोकांनी ऐकले आणि मी ताट भिरकावलं. भिरकावलं नाही. निसटलं. जरा लांब निसटलं.

आज सकाळी ती बॅग घेऊन माहेरी गेली, पारोळ्याला. जाताना एक अक्षर बोलली नाही. हे मला मुळीच आवडलेलं नाही. भांडायचं तर तोंडावर भांडावं.

चार दिवसांत येईल. मी फोन करणार नाही.

६ जानेवारी, सोमवार
फोन केला. सासऱ्यांनी उचलला. आबा म्हणाले, ती शेतात गेलीय. मागे तिचाच आवाज येत होता.

७ जानेवारी, मंगळवार, दुकानात, डबा खाताना
कारण सापडलं! मोबाइलवर एक लेख वाचला. छातीचे ठोके, घाम, ब्लडप्रेशर हे सगळं स्वायत्त मज्जासंस्था चालवते. स्वायत्त म्हणजे आपल्याला न विचारता. तिच्यात एक ॲक्सिलरेटर असतो आणि एक ब्रेक. पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉन कमी झालं तर हा ब्रेक ढिला पडू शकतो. 'शकतो' असंच लिहिलंय, पण लेखकांना सावध लिहावं लागतं.

मी बावन्नचा. या वयात टेस्टोस्टेरॉन घसरायला लागतं. म्हणजे शेतात ओरडलं ते माझं शरीर. मी तिथे फक्त उभा होतो. फार हलकं वाटलं. इतकी वर्षं उगाच स्वतःला तापट समजत होतो.

ठरलं. रक्त तपासायचं, कमी आलेला रिपोर्ट घेऊन पारोळ्याला जायचं, संक्रांतीच्या आत तिला घरी आणायचं. बहुतेक तीच माफी मागेल. आजारी नवऱ्याला टाकून गेली.

८ जानेवारी, बुधवार
लॅबमधल्या मुलीने विचारलं, त्रास काय होतो. म्हणालो, बायको माहेरी गेलीय. तिने 'थकवा' लिहिलं. उद्या सकाळी या म्हणाली, ही तपासणी सकाळीच करतात, तेव्हा पातळी सगळ्यांत जास्त असते. हे गैरसोयीचं आहे. दुपारी चालेल का विचारलं. नाही म्हणाली. आवाज थोडा चढला माझा. ढिला ब्रेक, दुसरं काय.

९ जानेवारी, गुरुवार
झोप कमी झाली की टेस्टोस्टेरॉन घसरतं, असंही वाचलं. म्हणून काल जागायचं ठरवून खुर्चीत ताठ बसलो. जाग आली तेव्हा ऊन अंगावर आलं होतं. इतकी गाढ झोप वर्षभरात लागली नव्हती. तसाच जाऊन रक्त दिलं. येताना मेहरूण तलावाला रोजची चक्कर मारली नाही. व्यायामाने तब्येत सुधारली म्हणजे पंचाईत.

१० जानेवारी, शुक्रवार
नॉर्मल.

लॅबवाल्यांना काही येत नाही. डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, उत्तम आहे. म्हटलं, उत्तम कसं असेल, माझा ब्रेक ढिला आहे. त्यांनी ईसीजी काढला, झोपवून आणि उभं करून ब्लडप्रेशर घेतलं. ब्रेकही उत्तम निघाला. हार्मोनचा या मज्जासंस्थेवर परिणाम होतो हे खरं, म्हणाले, पण नेमका किती यावर अजून एकमत नाही. आणि छाती धडधडली तरी ताट फेकायचं की नाही, हे तिथे ठरत नाही. त्यांना ताटाचं सांगितलंच कशाला मी.

संध्याकाळी नवीन विचार सुचला. टेस्टोस्टेरॉन भरपूर, म्हणून ॲक्सिलरेटर जोरात. रिपोर्ट तोच, फक्त उलट्या बाजूने समजावायचा.

१२ जानेवारी, रविवार, पारोळ्याहून आल्यावर
चहा मिळाला. सासूबाई चहा ठेवून आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. आबांना रिपोर्ट दाखवला. म्हणाले, जवाईबुवा, रिपोर्ट चांगला शे ना, मंग तोंड काबर उतरेल शे?

दिपमालाने सगळं शांतपणे ऐकलं. मी चांगलं समजावलं, कागदावर चित्रसुद्धा काढलं. मग तिने एकच विचारलं. गेल्या महिन्यात तुमच्या ठिबक सिंचनाच्या दुकानात अखिलशेठ गिऱ्हाइकांसमोर तुम्हाला नाही नाही ते बोलले, तेव्हा तुमचे हार्मोन कुठे गेले होते?

म्हणालो, ते मालक आहेत, मी त्यांचा मॅनेजर. ती म्हणाली, म्हणजे हार्मोनला माणसं ओळखता येतात.

याचा शास्त्राशी काही संबंध नाही, असं मी म्हणालो. जरा मोठ्याने म्हणालो. आबा उठून उभे राहिले. म्हणाले, शेवटली एसटी जाई राहिनी. तेव्हा दुपारचे तीन वाजले होते.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत
सण असूनही दुकान चालू. धुळ्याच्या गिऱ्हाइकाला मी चुकीच्या मापाची नळी पाठवली होती, ती परत आली. अखिलशेठ सगळ्या स्टाफसमोर बोलले. पोरगं माझ्याहून वीस वर्षांनी लहान. मी मुद्दाम स्वतःवर लक्ष ठेवलं. छाती धडधडत होती. तळहातांना घाम. कान गरम. शेतात झालं होतं अगदी तसंच, काही कमी नाही. आणि तोंडातून आलं, हो शेठ. सॉरी शेठ. इतकं हळू, की त्यांनी 'काय?' म्हणून पुन्हा विचारलं.

घरी येऊन कुकर लावला. शिट्टीच होईना. झाकण काढलं, बसवलं, पुन्हा काढलं. असा संताप आला की 'दिपमाला' म्हणून जोरात ओरडलो. पुढेही बरंच काही बोललो.

वळून बघतो तर शेजारच्या पुनमवहिनी दारात, हातात तिळगुळाची वाटी. त्यांनी विचारलं, आल्या का दिपमालाताई? नाही म्हणालो. त्या आत आल्या नाहीत. वाटी उंबऱ्यावर ठेवली आणि मागे न बघता गेल्या.

दार लावून घेतलं. लाज वाटली.