काळं शीड

प्रिय निशी,

बाबांना जाऊन दोन महिने झाले. शाळेच्या नाटकातलं काम आमच्या गार्गीनं सोडलं. त्यात ती एजियस झाली होती, जुन्या ग्रीक कथेतला अथेन्सचा राजा. त्याचा मुलगा राक्षसाला मारायला समुद्रापार जातो. जिवंत परतलो तर गलबताला पांढरं शीड लावीन, असं वडिलांना सांगून जातो. जिंकतो, पण आनंदाच्या भरात शीड बदलायचं विसरतो. काळं शीड दिसताच कड्यावर वाट पाहणारा म्हातारा समुद्रात उडी घेतो. गार्गी ही गोष्ट इंग्रजीत सांगायची, बाबा तिच्याकडून मराठीत वदवून घ्यायचे. "असा कसा विसरला गं पोरगा?" म्हणून एकदा तिच्यावरच चिडले.

दोह्याला आल्यापासून बाबांना माझ्या कामाची धास्ती होती. रास लफानच्या गॅस प्लांटमध्ये फोन आत नेता येत नाही. म्हणून शिफ्ट संपली की गेटबाहेरून पहिला फोन त्यांना करायचा, असं ठरलं होतं. 'निघालो' एवढंच. आठ महिने कधी चुकलो नाही.

त्या दिवशी कुणीतरी व्हॉट्सॅप ग्रुपवर स्फोटाची अफवा टाकली. तुझी मालविका वहिनी ऑफिसात होती. बाबा मला फोन करकरून थकले आणि भर उन्हात, कंपनीची बस थांबते त्या कोपऱ्यावर जाऊन उभे राहिले. शेजारच्या व्हिलाचा वॉचमन फजल दोनदा 'सावलीत बसा' म्हणून विनवून गेला. "बस आती होगी," म्हणाले. तिसऱ्यांदा तो पाणी घेऊन आला, तेव्हा ते खाली पडलेले होते.

नाशिकला मी सगळ्यांना सांगितलं, की प्लांटमध्येच अडकलो होतो. तेराव्याला आत्या काही बोलली, तर तू माझ्या बाजूनं तिच्याशी भांडलीस. निशी, शिफ्ट दोनला, अगदी वेळेवर संपली होती. फोन लॉकरमधून काढून मी न बघताच खिशात टाकला. शिफ्टमधल्या मच्छिंद्रला बढती मिळाली, म्हणून त्याच्या गाडीतून आम्ही अल खोरला जेवायला गेलो. खूप हसलो. बाबांना फोन करायचा विसरलो. दुसरं काहीही कारण नाही.

परवा गार्गीनं मला विचारलं, "बाबा, डिड यू फरगेट?" मी नाही म्हणालो. उद्या तिला खरं सांगणार आहे. त्याआधी तुला कळायला हवं. लगेच फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकला तर मी पुन्हा खोटं बोलेन.

तुझाच,
अवधूतदादा