सात नंबर

शनि. १४ मे २०१६
हार्त्सच्या डोंगरात जाऊन आले. तिथल्या गावचं नऊ होलचं गोल्फ मैदान मोडून स्पा हॉटेलचं पार्किंग करायचं घाटतंय. काउंटरवरच्या फ्राऊ लांगे म्हणाल्या, २१ जूनला गेमाइंडेत, म्हणजे त्यांच्या ग्रामसभेत, मतदान. बाबा ११ जूनला पोचतायत. मला त्यांना तिथेच खेळताना बघायचंय.

बुध. २५ मे
वोल्फ्सबुर्गहून मित्राचा, नीलेशचा फोन. "त्या माळरानासाठी रडतेस? पलीकडचं रिसॉर्ट बघ, अठरा होल, गाडीतून फिरायचं." पाहिलंय. गेटवरच मेंबरशिपचं कार्ड मागितलं होतं. फ्राऊ लांगेंनी पहिल्या दिवशी एवढंच विचारलं, "आल्झो, बरं, चेंडू किती देऊ?" गवत उंचसखल, दुसऱ्या होलवर मेंढ्या येतात. पण कोणीही यावं, खेळावं.

आपल्याकडे, बाबांच्या क्लबात तसं नव्हतं. ते कॅडी, साहेबांच्या बॅगा वाहायचे. सोमवारी क्लब बंद, तेव्हा कॅडींना खेळायची मुभा. चौघांत एकच काठी, सात नंबरची लोखंडी, मुठीला सायकलची ट्यूब. मी चेंडू शोधायला. आईने दिलेल्या चपात्या पाचव्या होलच्या बाभळीखाली. मी इंजिनिअर झाले तेव्हा बाबा पेढे घेऊन गेले. साहेबांनी ते गेटवरच घेतले.

रवि. ५ जून
सभेत फक्त गावातल्यांना बोलता येतं. मी हॅनोव्हरची. मैदान राहावं म्हणून लिहिलेलं माझं पत्र फ्राऊ लांगे वाचणार. त्यात चराई, पाणी, शाळेतली मुलं, सगळं होतं. वाचून म्हणाल्या, "वडील कुठे आहेत यात?" त्यांच्याबद्दलचं खोडलं होतं. परत लिहिलं.

शनि. १८ जून
बाबांना मैदानावर नेलं. उतरल्याबरोबर माझी बॅग त्यांच्या खांद्यावर, आणि ते माझ्या दोन पावलं मागे.
"बाबा, द्या ती इकडे."
"असू दे गं. हात मोकळे असले की मला चालता येत नाही."
वाटेत प्रत्येक खळगा बुजवला. एका म्हाताऱ्याचा चेंडू झुडपातून शोधून दिला, वर "गुड शॉट, सर!" शॉट भयंकर होता. म्हातारा खूश. तिसऱ्या होलवर उकिडवे बसून गवतावर हात फिरवला. "इथला माळी जीव लावतो."
खेळा म्हटलं तर मान हलवली. "आज शनिवार. साहेबलोकांचा दिवस. सोमवारी बघू."
फ्राऊ लांगेंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "सोमवारी आमच्याकडेही बंदच असतं. गेनाऊ, अगदी बरोबर. किल्ली माझ्याकडे आहे."

सोम. २० जून
मैदानात आम्ही तिघंच, आणि मेंढ्या. बाबांनी आईच्या जुन्या साडीतून सात नंबर सोडवली. तीच. इतक्या लांब आणली! पहिला चेंडू ओढ्यात. "हात गेला," म्हणाले. दुसरा उंच गेला, वळला, हिरवळीवर टेकला. बाबांनी बॅग माझ्याकडे दिली. "चल पोरी, आज तू मागून ये."
नवव्या होलपर्यंत मी दोन पावलं मागे.

निघताना त्यांनी काठी शेडच्या कोपऱ्यात उभी केली.
"बाबा, राहिली."
"राहू दे. पुढच्या सोमवारी लागेल ना."
उद्याच्या मतदानाचं त्यांना सांगितलेलं नाही. फ्राऊ लांगेंनी काठीकडे पाहिलं, शेडला कुलूप लावलं. माझं पत्र त्यांच्या पर्समध्ये आहे. सभा सात वाजता.